कामाचा शेवटचा दिवस कोणता? बेरोजगारी मदतीच्या एका अर्जाची गोष्ट

चाकण परिसरातल्या एका कामगाराचं हे प्रकरण आहे. ऑगस्ट 2020 ते एप्रिल 2021 या काळात मी त्याच्या अर्जामागे धावत होतो, म्हणून तारखा आणि आकडे माझ्या वहीतूनच देतो आहे. माणसाची, ठेकेदाराची, कंपनीची ओळख लागेल असे तपशील गाळले आहेत. कामगाराला इथे नुसतं ‘भाऊ’ म्हणतो. आमच्या मदत केंद्रात सगळे त्यांना तेच म्हणायचे.

पार्श्वभूमी

भाऊ मूळचे परभणी जिल्ह्यातले, वय अडतीस. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात स्पॉट वेल्डिंग करायचे. 2016 पासून एकाच ठेकेदाराकडे, पण कामाची जागा कायम तोच कारखाना. पगार चौदा-पंधरा हजारांच्या घरात. कर्मचारी राज्य विमा योजनेची, म्हणजे ईएसआयची वर्गणी दर महिन्याला कापली जायची. 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना लागू होते. कामगाराच्या वाट्याचे पाऊण टक्का आणि मालकाच्या वाट्याचे सव्वातीन टक्के, असा जुलै 2019 पासूनचा दर. भाऊंच्या लेखी ईएसआय म्हणजे दवाखान्याचं कार्ड. नोकरी गेल्यावरही तिथून काही मिळतं, हे त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. भाऊ गावी गेले, जूनमध्ये परत बोलावल्यावर आले. जूनमध्ये 23 दिवस आणि जुलैमध्ये 26 दिवस काम केलं. 31 जुलैला, गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीनंतरच्या शुक्रवारी, संध्याकाळी ठेकेदाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक यादी आली: “उद्यापासून खालील लोकांनी येऊ नये, काम निघालं की कळवू.” यादीत अकरा नावं होती. भाऊंचं सातवं.

ईएसआयमधलीच अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 1 जुलै 2018 पासून प्रायोगिक तत्त्वावर सुरू होती. नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी, आयुष्यात एकदाच. नोकरी जाऊन 90 दिवस झाल्याशिवाय ती मिळत नसे. 20 ऑगस्ट 2020 च्या बैठकीत कर्मचारी राज्य विमा महामंडळाने हे सैल केलं. 24 मार्च ते 31 डिसेंबर 2020 या काळात नोकरी गेलेल्यांना 50 टक्के, तेही 30 दिवसांनंतर, आणि अर्ज मालकामार्फत न पाठवता थेट शाखा कार्यालयाकडे. ही बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि केंद्रात येणाऱ्या माणसांना विचारायला लागलो. त्यात भाऊ सापडले.

पहिला निर्णय: सही

त्याआधी एक गोष्ट घडून गेली होती, आणि पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून होतं.

10 ऑगस्टला जुलैचा पगार खात्यात पडला. रजेचे आणि इतर मिळून चार हजार तीनशे रुपये बाकी होते. ठेकेदाराच्या माणसाने सगळ्यांना हिशोबाला बोलावलं आणि दोन पानी छापील कागद पुढे केला. वरच्या पानावर हिशोब मिळाल्याची पावती. खालच्या पानावर चार ओळी, त्यातली एक: “मी स्वखुशीने काम सोडत आहे.” अकरांपैकी नऊ जणांनी सही केली, कारण पैसे हवे होते.

भाऊंनी केली नाही. यात काही दूरदृष्टी होती असं नाही. त्यांचा चष्मा खोलीवर राहिला होता. “वाचून देतो उद्या,” म्हणून कागद घेऊन ते घरी आले. वहिनी दहावी झालेल्या. त्यांनी दुसरं पान वाचलं आणि विचारलं, “तुम्ही कुठं सोडलंय? त्यांनीच नाही का काढलं?” कागद परत गेला नाही. ठेकेदाराने चार हजार तीनशे रुपये अडवून धरले, ते नोव्हेंबरात दिवाळीच्या तोंडावर दिले.

या योजनेत स्वतःहून राजीनामा दिलेल्याला पैसे मिळत नाहीत. गैरवर्तनासाठी काढलेल्याला, निवृत्त झालेल्याला आणि बेकायदा ठरलेल्या संपात असलेल्यालाही नाहीत. छापील कागदावरच्या त्या एका ओळीने नऊ जणांचा रस्ता अवघड झाला.

अडचण

अर्ज ऑनलाइन भरायचा होता. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही तो भरला, बेरोजगारीची तारीख 1 ऑगस्ट 2020 लिहिली. छापील प्रत, आधार, पासबुक आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र घेऊन शाखा कार्यालयात गेलो. प्रतिज्ञापत्राला नोटरीसकट साडेतीनशे रुपये लागले. नोव्हेंबरमध्ये महामंडळाने प्रतिज्ञापत्राची अटच काढून टाकली. भाऊ त्यावर एवढंच म्हणाले, “आपलं नशीब नेहमी दोन महिने पुढं पळतं बगा.”

खिडकीवर सांगितलं, पंधरा दिवसांत होईल. ऑक्टोबर गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. दर वेळी उत्तर एकच: प्रलंबित. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संकेतस्थळावर ‘नामंजूर’ दिसलं. खिडकीवरचे कर्मचारी सज्जन होते. त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून दाखवला. “काका, 78 दिवस भरत नाहीत तुमचे.”

इथे नियम नीट समजून घ्यावा लागतो. ईएसआयमध्ये वर्षाचे दोन वर्गणी कालावधी असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या कालावधीत किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. त्याच्या मागच्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन कालावधींपैकी एकात आणखी 78 दिवस लागतात. शिवाय एकूण दोन वर्षं विमा लागू असलेल्या नोकरीत असावं लागतं.

भाऊंची नोकरी 31 जुलैला गेली असं धरलं, तर लगेच आधीचा कालावधी ऑक्टोबर 2019 ते मार्च 2020. त्यात त्यांचे 168 दिवस भरले होते. प्रश्नच नाही. पण ठेकेदाराने ईएसआयकडे भरायच्या ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या मासिक विवरणात भाऊंचं नाव तसंच ठेवलं होतं. दिवस शून्य, पगार शून्य, कारण ‘काम नाही’. गणपतीनंतर कंपनी परत माणसं मागेल अशी त्याला आशा होती. ती फोल ठरल्यावर ऑक्टोबरच्या विवरणात त्याने कारण टाकलं: ‘सेवा सोडली’. म्हणजे सरकारी नोंदीप्रमाणे भाऊंची नोकरी ऑक्टोबरमध्ये गेली. मग लगेच आधीचा कालावधी एप्रिल ते सप्टेंबर 2020 ठरला. त्यात जून-जुलैचे मिळून 49 दिवस. 29 कमी.

कारणांच्या त्याच यादीत ‘छाटणी’ असाही पर्याय असतो. तो निवडायला ठेकेदाराला एक क्लिक लागला असता. पण तो निवडला की छाटणीची भरपाई, एक महिन्याची नोटीस, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हे सगळं मागे लागतं.

इथे आमची चूक कबूल करतो. विमाधारकाला आपल्या खात्यात शिरून कोणत्या महिन्यात किती दिवस भरले ते पाहता येतं. आम्ही ते सप्टेंबरमध्ये पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर ऑगस्टचा शून्य तेव्हाच दिसला असता.

समोर कोणते पर्याय होते

एक म्हणजे भविष्य निर्वाह निधी काढून मोकळं होणं. कोरोना काळातली आगाऊ रक्कम भाऊंनी एप्रिलमध्येच घेतली होती. नोकरी जाऊन दोन महिने झाल्यावर उरलेलीही काढता येत होती. मी विरोध केला. निधीबरोबर पेन्शनची सेवाही काढून घेतली की ती वर्षं पुसली जातात, आणि दहा वर्षं भरल्याशिवाय पेन्शन लागत नाही. वहिनींनाही ते पटलं. पण घरात पैसा नव्हता, हेही खरं. सप्टेंबरात भाऊंनी ओळखीच्या एकाकडून पंधरा हजार उचलले, शेकडा पाच दरमहा व्याजाने.

दुसरा पर्याय गावी परतून रोजगार हमीवर जाण्याचा. बेरोजगार भत्ता हा शब्द भाऊंना तिथूनच माहीत होता. रोहयोत काम मागून पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर कायद्याने भत्ता द्यावा लागतो. पण मुलगी दहावीला होती, शाळा मोबाइलवर चालली होती, आणि गावात रेंज नव्हती. विषय तिथेच संपला.

तिसरा पर्याय कामगार आयुक्त कार्यालयात छाटणीची तक्रार करण्याचा. ती करता येत होती आणि करायला हवी होती. पण विवरणातली दुरुस्ती फक्त ठेकेदार करू शकत होता, आणि तक्रार गेली की तो फोन उचलणार नाही ही भीती. औद्योगिक विवाद कायद्यात तीन वर्षांची मुदत असल्याने ती आम्ही मागे ठेवली.

चौथा पर्याय डिसेंबरमध्ये ठेकेदारानेच सुचवला, आणि त्यावर मी दोन रात्री विचार करत होतो. “ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तीस दिवस भरून टाकतो. वर्गणी तुम्ही द्या. विषय संपला.” हिशोब केला तर दोन्ही वाटे मिळून चार टक्के, म्हणजे तीस दिवसांच्या पगारावर सहाशे-सातशे रुपये. 49 आणि 30 म्हणजे 79. अर्ज पास. भाऊ तयार होते. “साहेब, खोटं कुणाचं नुकसान करतंय? माझेच पैसे ना?”

मी नाही म्हणालो. तत्त्वाचं भाषण दिलं नाही, हिशोब दाखवला. न केलेल्या कामाचा पगार दाखवून लाभ घेणं हे ईएसआय कायद्याच्या कलम 84 खाली येत होतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि ‘नोकरी ऑक्टोबरपर्यंत होती’ हे एकदा स्वतःच मान्य केलं की छाटणीची तक्रारही पोकळ होते. भाऊ गप्प बसले. रागावले असावेत. आठ दिवस केंद्रात आले नाहीत.

पाचवा पर्याय, विमा न्यायालय. ओळखीच्या वकिलाने त्याच कायद्याचं कलम 75 दाखवलं, तीन वर्षांची मुदत सांगितली आणि म्हणाला, एकवीस हजारांसाठी आधी कार्यालयाकडूनच नोंद दुरुस्त होते का पाहा, माझ्याकडे नंतर या. चांगला वकील.

काय केलं

उरला तो रस्ता असा: अर्ज नव्याने भरायचा नाही, जुन्याच अर्जातली तारीख खरी आहे हे सिद्ध करायचं आणि नोंद दुरुस्त करून घ्यायची.

आधी नकार लेखी मागितला. संकेतस्थळावरची एक ओळ आणि खिडकीवरचं तोंडी उत्तर यावर पुढे काही करता येत नाही. साधा अर्ज दिला: कोणत्या तारखेला बेरोजगारी धरली, कोणता वर्गणी कालावधी मोजला, किती दिवस धरले. पोच घेतली. न दिल्यास माहितीच्या अधिकारात मागू, असं शेवटी लिहिलं. दहा रुपयांच्या त्या अर्जाची गरज पडली नाही, उत्तर बारा दिवसांत आलं. त्यात ऑक्टोबर 2020 हा महिना स्पष्ट लिहिलेला होता. आता भांडण एका तारखेपुरतं उरलं.

मग पुरावे. पासबुकात 10 ऑगस्टनंतर त्या ठेकेदाराकडच्या पगाराची एकही नोंद नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरची 31 जुलैची यादी भाऊंनी पुसली नव्हती. तिसरा पुरावा वहिनींना सुचला. कोरोनामुळे कारखान्याच्या फाटकावर प्रत्येकाचं तापमान मोजून वहीत लिहीत असत. “ती वही असंल की,” त्या म्हणाल्या. होती. भाऊंची शेवटची ओळ 31 जुलै, सकाळी 6:50, अंश 97.2.

ती वही कंपनीकडे होती, ठेकेदाराकडे नाही. म्हणून कंपनीच्या मनुष्यबळ विभागातल्या बाईंना भेटलो. ईएसआय कायद्याच्या कलम 40 प्रमाणे ठेक्यावरच्या कामगाराचीही वर्गणी आधी मुख्य मालकाने भरायची असे. नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करायची. म्हणजे ठेकेदाराच्या नोंदी चुकीच्या असतील तर चौकशी कंपनीच्या दारापर्यंत येते. मी आवाज चढवला नाही, पण एवढं सांगितलं. बाईंनी दोन दिवसांत कंपनीच्या कागदावर लिहून दिलं की 31 जुलै 2020 नंतर सदर कामगाराची फाटकावर नोंद नाही.

11 जानेवारी 2021 ला केंद्र सरकारच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर तक्रार टाकली आणि सगळे कागद जोडले. त्याच आठवड्यात त्या पत्राची प्रत ठेकेदारासमोर ठेवली. त्याला कळलं की आता कंपनीही त्याच्या बाजूने बोलणार नाही. त्याने शाखा कार्यालयात लेखी अर्ज दिला: शेवटचा कामाचा दिवस 31 जुलै, ऑगस्ट-सप्टेंबरची नावं चुकून राहिली. ‘चुकून’ हा शब्द मीच सुचवला. त्याला सुटायला जागा ठेवली नसती तर त्याने सही केली नसती.

‘सेवा सोडली’ मात्र त्याने बदललं नाही. त्यावर आम्ही राजीनाम्याचा कागद मागितला. तो नव्हता, कारण सहीच झाली नव्हती. कार्यालयाने फाटकाची वही आणि व्हॉट्सअ‍ॅपची यादी ग्राह्य धरली.

निष्पत्ती

फेब्रुवारीच्या मध्यावर अर्ज मंजूर झाला. रकमेचं गणित असं: मागच्या चार वर्गणी कालावधींतली एकूण कमाई 3,42,000 रुपये, भागिले 730 दिवस, म्हणजे रोज 468 रुपये 49 पैसे. त्याच्या निम्मे, गुणिले 90. हातात 21,082 रुपये. भाऊंना वाटलं होतं तीन महिन्यांचा अर्धा पगार मिळेल आणि शेवटचा पगार धरतील. प्रत्यक्षात सरासरी दोन वर्षांची असते आणि सुट्टीचे दिवसही भागाकारात येतात. हे आधी सांगायला हवं होतं. त्यांचा चेहरा उतरला.

पैसे मार्चमध्ये निघाले आणि परत गेले. भाऊंचं खातं ज्या बँकेत होतं, ती 2019 मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती, आणि जुने आयएफएससी कोड 1 मार्च 2021 पासून बंद झाले. ईएसआयच्या नोंदीत जुनाच कोड. नवं पासबुक, नवा अर्ज, पुन्हा खिडकी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागायच्या दोन दिवस आधी, मोबाइलवर संदेश आला.

तोवर भाऊ डिसेंबरपासून दुसऱ्या ठेकेदाराकडे कामाला लागले होते, बाराशे रुपये कमी पगारावर. पंधरा हजारांच्या उचलीवर सात महिन्यांचं व्याज 5,250 झालं. मिळालेल्या मदतीचा चौथा हिस्सा त्यात गेला. ऑक्टोबरमध्ये हेच पैसे आले असते तर ते व्याज लागलं नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

विमा खातं पहिल्याच दिवशी उघडून पाहायला हवं होतं. आता केंद्रात कुणी काम सुटल्याचं सांगत आलं की आम्ही चौकशीच्या आधी ते उघडतो. शेवटचा महिना, दिवस आणि कारण पाहतो. बँकेचा कोडही तिथेच तपासतो.

छाटणीची तक्रार मागे ठेवली, याबद्दल माझं मन अजून साफ नाही. दुरुस्ती मिळाली ती ठेकेदाराच्या मर्जीने नाही, कंपनीच्या पत्राने. म्हणजे तक्रार सप्टेंबरमध्येच केली असती तरी बहुधा काही बिघडलं नसतं, आणि दबाव लवकर आला असता. नंतर भाऊंनीच ती करायला नकार दिला. नवीन ठेकेदार जुन्याचा मेहुणा निघाला.

कंपनीकडे आधी जायला हवं होतं, ठेकेदाराकडे नंतर. यात शंका नाही.

आणि ते नऊ जण. त्यातले चौघे पुढे आमच्याकडे आले. राजीनाम्यावर सही असल्याने तिघांचे अर्ज नामंजूर झाले. चौथ्याच्या कागदावर तारीख 14 ऑगस्ट होती, आणि फाटकाच्या त्याच वहीत त्याची शेवटची ओळ 31 जुलैची. काम बंद झाल्यावर दोन आठवड्यांनी माणूस राजीनामा कशाचा देतो, एवढा एकच प्रश्न लिहून आम्ही तो अर्ज पुन्हा पाठवला. तो मंजूर झाला. मग बाकीच्या तिघांना निरोप धाडला, आपापले कागद काढून तारखा बघा म्हणून. दोघांकडे प्रतच नव्हती. तिसऱ्याच्या कागदावर तारखेची जागा कोरी होती.